भरोसा हाय, पण इंग्रजीत सांगायचा कसा?

हा मेल ओळखीचा वाटतो का बघा. ‘रिस्पेक्टेड सर, आय हॅव फुल फेथ ऑन यू. आय ॲम एक्स्पेक्टिंग फ्रॉम यू अ पॉझिटिव्ह रिप्लाय. काइंडली डू द नीडफुल.’ इंटर्नशिप असो, शिफारसपत्र असो, स्कॉलरशिपचा अडलेला हप्ता असो की हॉस्टेलची रूम, मेल हाच. कुण्या सीनियरने कधीतरी लिहिला, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून फिरत फिरत आपल्यापर्यंत आला आणि आपण फक्त नाव आणि तारीख बदलून पुढे पाठवला.

यातली ‘फेथ ऑन’ची चूक कुणीही दाखवेल. ‘ऑन’ नाही, ‘इन’ पाहिजे. करा दुरुस्त. तरी मेल लंगडाच राहतो. कारण तीन वाक्यं वाचूनही सरांना कळत नाही, की तुम्हाला नेमकं काय हवंय, कधीपर्यंत हवंय आणि त्यांनी ते केलं नाही तर तुमचं काय अडणार आहे. भरवसा आहे म्हणता, पण कशाचा? अपेक्षा आहे म्हणता, पण कसली?

माझं म्हणणं असं, की विश्वास आणि अपेक्षा सांगणारी इंग्रजी क्रियापदं हा पाठांतराचा विषयच नाही. ‘काउंट ऑन’, ‘रिलाय ऑन’, ‘बँक ऑन’, ‘लुक फॉरवर्ड टू’ अशी शंभर-दोनशे फ्रेझल व्हर्ब्ज गाईडात एकाखाली एक छापलेली असतात. पुढे अर्थ: विश्वास ठेवणे, विश्वास ठेवणे, विसंबणे, पुन्हा विश्वास ठेवणे. आता तर तीच यादी तीस सेकंदांच्या रीलमध्येही मिळते. पण यातलं प्रत्येक क्रियापद समोरच्या माणसावर वेगवेगळं ओझं टाकतं. कुणावर किती ओझं टाकायचा आपल्याला हक्क आहे, हे आधी ठरवलं नाही तर क्रियापद निवडताच येत नाही. आणि हे ठरवायची अक्कल आपल्याकडे भरपूर आहे. ती मराठीत आहे, वऱ्हाडीत तर जरा जास्तच आहे. स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी ‘मराठीत विचार करणं बंद करा’ असं सांगतात, तेव्हा तीच अक्कल दाराबाहेर चपलेसोबत काढून ठेवायला लावतात.

पत्राचा नमुनाच हवा असेल तर तो आपल्या जिल्ह्यात आहे. अमरावतीहून चाळीसेक किलोमीटरवर, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर. रुक्मिणीचं माहेर. आषाढीला तिच्या माहेरची पालखी इथूनच पंढरपूरला निघते आणि ही परंपरा १५९४ पासूनची सांगितली जाते. रुक्मिणीचं लग्न भावानं, म्हणजे रुक्मीनं, चेदीच्या शिशुपालाशी ठरवलं. तिला कृष्ण हवा होता. तिनं एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप धाडला. कथा पुराणातली आहे, इतिहास म्हणून सांगत नाही. पण भागवताच्या दहाव्या स्कंधात हा निरोप आहे, बावन्नाव्या अध्यायात, अवघ्या सात श्लोकांचा. एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’नं तो मराठी घराघरांत नेला. लग्न जमावं म्हणून मुली ती पोथी वाचतात. मी तर म्हणेन, नोकरी लागावी म्हणून मुलांनीही वाचावी, निदान अर्ज कसा करावा ते कळेल.

काय लिहिलंय त्या सात श्लोकांत? तुझ्याबद्दल ऐकलं आणि मन तुझ्याकडे लागलं. मी तुला वरलंय. लग्न उद्यावर आलंय. गुपचूप विदर्भात ये, सोबत सेना आण, चेदी आणि मगधाच्या फौजा मोडून मला घेऊन जा. तू म्हणशील, अंतःपुरातून तुला न्यायचं तर तुझेच नातेवाईक मारावे लागतील. तर त्यावर उपाय सांगते: आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी कुलदेवीच्या दर्शनाला गावाबाहेर गिरिजेच्या देवळात जाते, तिथून ने. आणि तू आला नाहीस तर मी प्राण सोडीन, शंभर जन्म लागले तरी चालतील.

(ते देऊळ म्हणजे आपली अंबादेवी, असं अमरावतीकर मानतात, कौंडण्यपूरपासून तिथवर भुयार होतं असंही सांगतात. कौंडण्यपूरवाले गावातल्या अंबिकेच्या देवळाकडे बोट दाखवतात. त्या भांडणात आपण पडायचं नाही.)

आता हा निरोप तुमच्या मेलशेजारी ठेवून बघा. का, काय, कधी, कुठून, कसं, सगळं आहे. समोरच्याला कोणती अडचण वाटेल ते त्यानं विचारायच्या आधी ओळखलंय आणि त्याचं उत्तरही दिलंय. तो आला नाही तर काय होईल, तेही स्वच्छ. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, वाक्यांना कर्ता आहे. ‘तू ये’, ‘तू ने’. आपल्याला शाळेपासून शिकवलेल्या अर्जात कर्ताच नसतो. ‘तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.’ कुणी करायचा विचार? कधी? ‘व्हावा’ म्हटलं की जबाबदारी हवेत. ‘डू द नीडफुल’ हे त्याच ‘व्हावा’चं इंग्रजी भावंड. एके काळी ते इंग्लंडातही कचेऱ्यांमध्ये सर्रास चालायचं. तिकडे मागे पडलं, आपण मात्र जपून ठेवलंय. विनयाच्या नावाखाली आपण अपेक्षाच पुसून टाकतो आणि मग उत्तर आलं नाही की कपाळाला हात लावतो.

आता क्रियापदांकडे येऊ. इंग्रजीत क्रियापदाच्या शेपटीला ‘ऑन’, ‘अप’, ‘डाउन’ असा छोटा शब्द लागला की अर्थ पार बदलतो, आणि परक्या माणसाला सगळ्यात जास्त छळतो तो हाच प्रकार, हे सॅम्युअल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच कबूल करून ठेवलंय. म्हणजे आपण अडखळतो यात लाजण्यासारखं काही नाही. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं. लोगन पिअरसॉल स्मिथनं १९२५ च्या पुस्तकात ते वापरलं, आणि ते आपल्याला हेन्री ब्रॅडलीनं सुचवलं असंही सांगितलं. काटेकोर व्याकरणवाले ‘रिलाय ऑन’ला फ्रेझल न म्हणता प्रिपोझिशनल म्हणतात. म्हणू द्या. परीक्षेत विचारलं तर लिहा, नाहीतर विसरा.

लक्षात ठेवण्यासारखं आहे ते वेगळंच. ‘डिपेंड’ आलं लॅटिनमधून, आणि त्यात लटकणं आहे. घड्याळाचा पेंड्युलम त्याच घरातला. आता आपलं ‘अवलंबून’ बघा. त्यात ‘लंब’ आहे, म्हणजे पुन्हा लटकणंच, आणि पेंड्युलमला मराठीत म्हणतात लंबक! हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी एकच चित्र काढलं: एक माणूस दुसऱ्याला धरून लोंबकळतोय. ‘रिलाय’ जुन्या फ्रेंचमधून आलं, त्यात बांधणं आहे. लटकणं वेगळं आणि बांधून घेणं वेगळं. लटकणाऱ्याला पर्याय नसतो. बांधून घेणारा विचार करून गाठ मारतो.

हे पुस्तकी वाटत असेल तर खारपाणपट्ट्यात चला. अकोला-अमरावतीच्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारं, विहीर खणून पिकाला पाणी देता येत नाही. तिथला शेतकरी पावसावर ‘डिपेंड’ करतो. ‘रिलाय’ करतो का? कोणता शहाणा शेतकरी पावसावर ‘रिलाय’ करेल! तो आकाशाकडे बघतो, पेरतो, दुबार पेरणीचं बियाणं कुठून आणायचं याचाही विचार करून ठेवतो. पाऊस त्याला लागतोच, पण पावसाचा त्याला भरवसा नाही. एका शब्दाच्या फरकात अख्खा खरीप हंगाम आहे. हे एकदा डोक्यात बसलं की ‘डिपेंड’ आणि ‘रिलाय’ची गल्लत आयुष्यात होणार नाही.

‘काउंट ऑन’मध्ये मोजणी आहे. गॅदरिंगच्या मांडवासाठी दहा पोरं लागतात, त्यात तुम्ही एकाला गणतीत धरता, म्हणजे तुम्ही त्याच्यावर ‘काउंट’ करता. तो आला नाही तर आकडा चुकतो, काम अडतं. म्हणून हे क्रियापद ओळख नसलेल्या माणसासाठी वापरायचं नसतं. ज्या एचआर मॅडमना तुम्ही कधी भेटला नाहीत त्यांना ‘आय ॲम काउंटिंग ऑन यू’ लिहिणं म्हणजे पाहुण्याला न विचारता पंगतीत वाढायला उभं करणं. ‘बँक ऑन’मध्ये तर पैसा गुंतलाय. बुडाला तर बुडाला.

आणि ‘फॉल बॅक ऑन’. पुढचं काही जमलं नाही तर मागे ज्यावर टेकता येईल ते. ‘नोकरी नाई लागली तं वावर हायेच’ हे वाक्य वऱ्हाडातल्या प्रत्येक कट्ट्यावर ऐकू येतं. ते शुद्ध ‘फॉल बॅक ऑन’ आहे. एवढंच, की पोरगा ज्या वावरावर ‘फॉल बॅक’ करायचं म्हणतो, त्याच वावरावर बाप आज ‘डिपेंड’ करून असतो. जरा बापालाही विचारावं.

रुक्मिणीकडे ‘फॉल बॅक’ करायला काहीच नव्हतं, म्हणून तिच्या शब्दांना धार आहे.

आता ‘एक्स्पेक्ट’. हा शब्द आपल्याला सगळ्यात जास्त गोत्यात आणतो. मराठीत ‘उत्तराची अपेक्षा आहे’ हे कसं मऊ वाटतं! हात जोडून म्हटल्यासारखं. म्हणून आपण बिनधास्त ‘आय एक्स्पेक्ट युवर रिप्लाय’ लिहितो. इंग्रजी वाचणाऱ्याला ते टेबलावर बोट आपटून सांगितल्यासारखं वाटतं. तसं बघाल तर दोन्ही शब्दांच्या पोटात डोळाच आहे. ‘एक्स्पेक्ट’मध्ये लॅटिनचं पाहणं आहे, चष्म्याच्या ‘स्पेक्टॅकल्स’मध्ये आहे तेच. आणि ‘अपेक्षा’मध्ये संस्कृतचा ‘ईक्ष्’, म्हणजेही पाहणं. प्रतीक्षा, निरीक्षण, परीक्षा, सगळे याच कुटुंबातले. (अपेक्षा आणि परीक्षा सख्ख्या बहिणी आहेत, हे दरवर्षी निकालाच्या दिवशी पटतं.) पण वापरात दोघांचे स्वभाव वेगळे झाले. मराठी अपेक्षा वाटेकडे बघत बसते. इंग्रजी ‘एक्स्पेक्ट’ घड्याळाकडे बघतं.

याचा सगळ्यात झकास दाखला समुद्रावरचा आहे. २१ ऑक्टोबर १८०५, ट्रफाल्गरची लढाई सुरू व्हायची होती. नेल्सनला आपल्या आरमाराला झेंड्यांनी एक संदेश द्यायचा होता: प्रत्येक जण कर्तव्य करील असा इंग्लंडला विश्वास आहे. त्यासाठी त्यानं शब्द निवडला होता ‘कन्फाइड्स’, म्हणजे खात्री आहे, भरवसा आहे. झेंडे लावणारा लेफ्टनंट पास्को म्हणाला, साहेब, हा शब्द आपल्या सांकेतिक यादीत नाही, एकेक अक्षर लावावं लागेल. त्याऐवजी ‘एक्स्पेक्ट्स’ चालेल का, तो यादीत आहे. वेळ नव्हता. नेल्सन हो म्हणाला. आठ अक्षरांचे झेंडे वाचले आणि ‘तुमच्यावर भरवसा आहे’चं ‘तुमच्याकडून अपेक्षा आहे’ झालं. तोच संदेश आज जगभर प्रसिद्ध आहे. मला मात्र नेहमी वाटतं, मरायला निघालेल्या खलाशाला यातलं कोणतं वाक्य ऐकायला आवडलं असतं? भरवसा पाठीवर हात ठेवतो. अपेक्षा समोर उभी राहून वही उघडते.

तर मेलमध्ये ‘एक्स्पेक्ट’ नको, मग काय? ‘लुक फॉरवर्ड टू’. त्यातही पाहणं आहेच, पण आनंदानं, पुढे मान करून. इथं नव्वद टक्के पोरं ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहितात आणि सर लाल रेघ मारतात: ‘मीटिंग’ लिहा. का, ते सहसा कुणी सांगत नाही. मराठीत ते एका ओळीत सुटतं. हा ‘टू’ म्हणजे ‘नदीकडे’, ‘घराकडे’मधला ‘कडे’ आहे. ‘कडे’ नामाला लागतो. क्रियापदाला लावायचा तर आधी क्रियापदाचं नाम करावं लागतं: भेट, भेटणे, भेटण्याकडे. आपला हा ‘ण्या’ म्हणजेच त्यांचं ‘इंग’. ‘तुमच्या येण्यावर सगळं अवलंबून आहे’, ‘डिपेंड्स ऑन युवर कमिंग’. येण्यावर, कमिंग. सांधा जिथल्या तिथे बसला. मराठीत विचार करू नका म्हणणाऱ्यांना हे एकदा विचारा.

अर्थात मराठी फसवतेही, ते लपवण्यात अर्थ नाही. आपला ‘वर’ फार दिलदार. विश्वास तुमच्यावर, श्रद्धा देवावर, भरवसा मित्रावर, प्रेम तिच्यावर. इंग्रजी इथं भेद करतं. वजन टाकलं तर ‘ऑन’, आत मुरलं तर ‘इन’: ‘रिलाय ऑन’, पण ‘बिलीव्ह इन’, ‘फेथ इन’. तसंच आपलं ‘कडून’. ‘तुमच्याकडून अपेक्षा आहे’ याचं ‘एक्स्पेक्टिंग फ्रॉम यू’ होतं, जिथं सरळ ‘एक्स्पेक्ट यू टू’ पाहिजे. आणि ‘वेट’ला चुकून ‘ऑन’ लावलात तर वाट पाहण्याऐवजी सेवा करणं होतं, हॉटेलात वेटर करतो ती. पंढरपुरात पुंडलिकानं फेकलेल्या विटेवर विठोबा उभा आहे तो ‘वेटिंग फॉर’. पुंडलिक आईबापांची करत होता ते ‘वेटिंग ऑन’. पण ही फसगत कळायलासुद्धा आधी मराठीकडे बघावं लागतं ना?

मराठीकडे बघायचंच झालं तर ‘विश्वास’चं बघा. विश्वास ठेवतो, तेव्हा मी ठरवून ठेवतो. विश्वास बसतो, तेव्हा माझ्या हातात काही नसतं, तो आपणहून येऊन बसतो, पाखरासारखा. विश्वास टाकतो, तेव्हा सगळं ओझं एकदम समोरच्याच्या खांद्यावर. आणि विश्वास उडतो, तो तर पाखरासारखाच जातो. इंग्रजी जे काम ‘ऑन’, ‘इन’ लावून करतं ते आपण ठेवणे, बसणे, टाकणे, उडणे लावून करतो. खेळ तोच, चेंडू वेगळा. ‘आय ट्रस्टेड हिम’ हे एकच वाक्य यातल्या तिघांसाठी पुरवून वापरणारी इंग्रजी मला इथं जरा गरीबच वाटते.

वऱ्हाडीत तर आश्वासनाची अख्खी शिडी आहे. कुणाला काम सांगा. तो म्हणाला ‘पायतो’, तर समजा काम होणार नाही. गंमत म्हणजे साहेबी इंग्रजीतही ‘आय विल लुक इन्टू इट’च म्हणतात, आणि तिथंही बहुतेक वेळा तेच समजायचं असतं. ‘करतो’ म्हणाला, तर अर्धी आशा. ‘करून देतो’ म्हणाला, तर पाऊण. आणि ‘झालं समज’ म्हणाला, तर घरी जाऊन झोपा. हेच ते ‘यू कॅन काउंट ऑन मी’. शिवाय आपल्याकडे ‘जो’ आहे. ‘पोचल्यावर फोन करजो’, ‘निकाल लागला की सांगजो’. ही आज्ञा नाही, विनंतीही नाही. तू हे करशील हे मी धरून चाललोय आणि त्यात माझी माया आहे, एवढं सगळं एका ‘जो’मध्ये मावतं. पुण्याच्या मराठीत हे नाही. इंग्रजीत याला जोड शोधून दाखवा, मी तुम्हाला कटिंग पाजतो.

विश्वास मोडतो तेव्हाचे शब्द तर जास्त जपून वापरायला हवेत, कारण तिथं दोष कुणाचा ते ठरतं. ग्रुप प्रोजेक्ट फसलं. ‘द प्लॅन फेल थ्रू’ म्हटलं तर कुणालाच दोष नाही, बेत बारगळला. ‘ही बॅक्ड आउट’ म्हटलं तर त्यानं ऐनवेळी हात वर केले. ‘ही लेट अस डाउन’ म्हटलं तर मैत्रीलाच तडा. तिन्ही खरी असू शकतात, पण तिन्ही एकाच वेळी नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री त्याची आई दवाखान्यात होती, हे माहीत असूनही ग्रुपवर ‘लेट डाउन’ टाकणारा माणूस इंग्रजीत पास झाला असेल, पण त्यानं चुकीचं क्रियापद वापरलं. आणि समोर माणूसच नसेल, नुसतं नशीब असेल, तर आपल्याकडे त्यासाठी ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ आहे. म्हशीला कोण दोष देणार! मालक आणि शेजारी दोघंही हसतात आणि दुसऱ्या दिवशी धारा काढायला लागतात.

आता जरा घरचं बोलू. अमरावतीत, अकोल्यात अभ्यासिकांच्या खुर्च्यांवर तुमच्यातले किती जण बसलेत ते मला माहीत आहे. कुणी नीट, कुणी एमपीएससी, कुणी पोलीस भरती. घरून फोन येतो. बाबा म्हणतात, ‘आम्हाला तुझ्यावर विश्वास आहे.’ फोन ठेवल्यावर छातीवर दगड ठेवल्यासारखं का होतं? कारण मराठीच्या त्या एका वाक्यात इंग्रजीची दोन वाक्यं लपलीत. ‘वी बिलीव्ह इन यू’: तू आहेस तसा आम्हाला पुरेसा आहेस. आणि ‘वी आर काउंटिंग ऑन यू’: आम्ही हिशेब मांडलाय, त्यात तुझा आकडा धरलाय. पहिल्यानं बळ येतं, दुसऱ्यानं ओझं. बाबांना बहुतेक वेळा पहिलं म्हणायचं असतं, तुम्हाला दुसरंच ऐकू येतं. कधी कधी उलटही असतं, हिशेब खरंच मांडलेला असतो, कर्जाचा, बहिणीच्या लग्नाचा. तेव्हा तोही कळायला हवा, आणि त्याबद्दल बोलायलाही हवं. ‘बाबा, तुम्ही माझ्यावर नेमकं किती धरून आहात?’ हा प्रश्न मराठीतच विचारा. पण ‘इन’ आणि ‘ऑन’मधला फरक माहीत असेल तर तो विचारायचं सुचेल तरी. इथं इंग्रजी आपल्याला काहीतरी देते, हे मान्य करायला मला काही कमीपणा वाटत नाही.

याच ठिकाणी ‘लिव्ह अप टू’ येतं. इंग्रजीत अपेक्षा वर असते आणि माणूस चढत चढत तिच्यापर्यंत पोचतो. मराठीत उलट आहे, आपण अपेक्षेला उतरतो, कसोटीला उतरतो. सराफाच्या दगडावर सोनं उतरतं तसं. सोन्याला चढावं लागत नाही. ते जे आहे ते दगडावर दिसतं, बस.

ब्राह्मण द्वारकेला गेला आणि लवकर परत येईना, तेव्हा रुक्मिणीचीही हीच गत झाली होती. त्याला माझ्यात काही खोट दिसली असेल का, असं तिच्या मनात आल्याचं भागवतातच आहे. इतका नेमका निरोप धाडणारीलासुद्धा वाट पाहताना स्वतःबद्दल शंका आली. तुमच्या मेलला तीन दिवसांत उत्तर आलं नाही म्हणून रात्री दोन वाजता ‘सेंट’ फोल्डर उघडून तोच मेल सातव्यांदा वाचत असाल, तर तुम्ही फार जुन्या घराण्यातले आहात.

आणि तो सुरुवातीचा मेल? तो असा लिहून बघा. ‘सर, आय ॲम अप्लाइंग फॉर ॲन इंटर्नशिप. द लास्ट डेट इज द ट्वेंटिएथ. कुड यू राइट अ रेकमेंडेशन फॉर मी बाय द फिफ्टीन्थ? यू टॉट मी फॉर टू सेमिस्टर्स अँड यू सॉ माय प्रोजेक्ट. माय मार्कशीट अँड प्रोजेक्ट रिपोर्ट आर अटॅच्ड. इफ इट इज नॉट पॉसिबल, प्लीज टेल मी बाय फ्रायडे, सो दॅट आय कॅन टर्न टू समवन एल्स. आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.’ का सरांनाच विचारलं ते आहे, तारीख आहे, कागदपत्रं शोधायची अडचण आधीच सोडवलीय आणि नाही म्हणायची वाटही मोकळी ठेवलीय. ‘टर्न टू’ वाचून सर रागावतील अशी भीती वाटत असेल, तर आधी हाच मेल वऱ्हाडीत मोठ्यानं बोलून बघा: सर, पंधरा तारखेच्या आत चिठ्ठी पाह्यजे होती, जमत नसन तं शुक्रवारलोक सांगजा, म्हंजे मी दुसऱ्या सरायले विचारीन. यात कोणते सर रागावतील?